आयटी सोडून बोटांनी वाचायची पुस्तकं करते, त्याला दीड वर्ष झालं

कांजूरची

महिनाभरात इथे फोरमवर ‘नोकरी सोडू का’ छापाचे तीन धागे निघाले. तिन्हींत प्रतिसाद दोनच जातीचे: ‘मनाचं ऐक’ नाहीतर ‘डोकं फिरलंय का’. मी सोडून बसले आहे, म्हणून म्हटलं मधलं काही सांगावं. लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

वय ४२. सतरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, त्यातली शेवटची नऊ ऐरोलीत. छळबिळ काही नव्हता. बॉस बरा होता, कँटीनचा उपमा वाईट होता, एवढंच. पण विम्याच्या क्लेमची जी स्क्रीन मी नऊ वर्षं तपासत होते, ती वापरणारं एकही माणूस मी कधी बघितलं नव्हतं. तिकडे अमेरिकेत कोणीतरी क्लेम भरतोय, त्याला आमचं बटण सापडतंय की नाही, हे मला तक्रारीच्या तिकिटावरून कळणार.

चित्रकलेचं म्हणाल तर शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या होत्या, ए ग्रेड. जे.जे.चा फॉर्मही आणला होता. तो भरला गेला नाही. एकाआड एक मराठी घरात ही गोष्ट असते, म्हणून पुढे जाते.

कंपनीच्या ‘समाजकार्य दिना’ला आम्ही चाळीस जण एकसारखे टी-शर्ट घालून अंध मुलींच्या एका शाळेत गेलो. खाऊ दिला, गाणी म्हटली आणि भेट म्हणून बॉलपेनं वाटली. हो, बॉलपेनं. बाईंनी हसून घेतली, “ऑफिसात लागतात” म्हणाल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं. निघताना वाचनालय बघितलं. ब्रेलची पुस्तकं, टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड, आणि एकातही चित्र नाही. पहिलीच्या गोष्टीतसुद्धा नाही.

घरी येऊन जुन्या पर्सच्या रेक्झिनचा हत्ती कापला आणि पुठ्ठ्यावर चिकटवला. सुपाएवढा कान, शेपटीला सुतळी. आपण सगळे काढतो तसा बाजूने, म्हणजे पाय दोनच. फेसबुकवर टाकला, दीडशे लाइक. पुढच्या शनिवारी शाळेत घेऊन गेले. तिसरीतल्या एका मुलीने त्यावर दोन्ही तळहात फिरवले, पाय मोजले, पुन्हा मोजले आणि विचारलं, “ह्याचे दोन पाय कुणी तोडले?”

म्हटलं, अगं, ते मागे आहेत, म्हणून दिसत नाहीत.

“मला तर कुठलेच दिसत नाहीत,” ती म्हणाली. चिडून नाही, नुसतं सांगितलं.

सतरा वर्षांत इतका चोख बग, म्हणजे चूक, मला कोणी दाखवून दिला नव्हता. लांबची वस्तू लहान, पुढची वस्तू मागचीला झाकते, हे सगळं डोळ्याचं राजकारण आहे. बोटाला ते मान्य नाही. बोट एकेक तुकडा वाचत जातं आणि डोक्यात जोडतं. आता माझ्या हत्तीला चार पाय असतात, चारही पसरलेले, चित्रकलेच्या सरांनी कान धरला असता असे.

लोकलचं पान तर चार वेळा केलं. आधी बाहेरून डबा काढला, खिडक्या, चाकं. “ही पेटी आहे का?” त्याच मुलीने विचारलं. शेवटी तिलाच विचारलं, तुझी लोकल कशी असते? म्हणाली, “आधी दारातला दांडा. मग माणसं. मग वरची कडी, पण ती बाबा उचलतात तेव्हाच.” आता पानाच्या मधोमध उभा पितळी दांडा आहे, शिवणाच्या दुकानात मिळतो त्यातला. दोन्ही बाजूंना कापूस ठासून भरलेल्या गाद्या, त्यांच्यातून बोट घुसवत पुढे जावं लागतं, आणि अगदी वर एक खरी कडी लोंबते. मुली ‘जरा सरका’ म्हणत ते पान वाचतात.

हे चौदा महिने फक्त शनिवारी केलं. मग राजीनामा, मग तीन महिन्यांची नोटीस. आज सात पुस्तकं आहेत, प्रत्येकाच्या तीस-चाळीस प्रती, सगळ्या हाताने. बिल्डिंगमधल्या दोघी मदतीला येतात, पानामागे पैसे देते. सर्जनशील वगैरे काम आठवड्यात फार तर चार तास होतं. बाकी डिंक, कुरिअर, आणि मंगलदास मार्केटमध्ये “फक्त अर्धा मीटर?” ऐकून घेणं.

विचारा काय ते. फक्त ‘खूप प्रेरणादायी’ लिहू नका.

शून्यापासून

रुमाल टाकून ठेवतो.

खूप प्रेरणादायी.

चिल्लरहिशोब

ताई, लिहिलंय झकास, पण मुद्द्याचं तेवढंच राहिलं. घर कोण चालवतं? मी असे बरेच लेख वाचले. सातव्या परिच्छेदात कळतं की नवरा मोठ्या हुद्द्यावर आहे आणि घर सासऱ्यांनी घेतलेलं आहे. राग मानू नका.

कांजूरची

राग कसला, बरोबर ओळखलंत. नवरा बँकेत, पगार दरमहा येतो. तो नसता तर मी आजही ऐरोलीच्या बसमध्ये असते. हे लपवून ‘झेप’ वगैरे म्हणणं म्हणजे शुद्ध थापा.

आकडेच हवेत तर: पगार हातात १ लाख ६० हजार येत होता. गेल्या बारा महिन्यांत ह्या कामातून एकूण २ लाख ३५ हजार आले, खर्च वजा जाता लाखभर उरला. महिन्याचा नव्हे, वर्षाचा. सोडायच्या आधी अडीच वर्षांचा घरखर्च बाजूला काढला होता. ग्रॅच्युइटी मिळाली (दर वर्षामागे शेवटच्या पगाराचे पंधरा दिवस, महिना २६ दिवसांचा धरून), तिने गृहकर्जाचं शेपूट तोडलं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. सासूबाईंना मधुमेह. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, २०२४ पर्यंत तर चार होतं. त्यामुळे त्यांची वेगळी पॉलिसी मी नोकरीत असतानाच काढली. नोकरी सोडायचा विचार मनात आला की आधी हे करा, राजीनामा नंतर.

दादरकर_वाचक

सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून, का नाही घेत पैसे? कंपन्यांना द्यावेच लागतात.

कांजूरची

द्यावे लागतात, पण त्यांना ते मला देता येत नाहीत. २०१३च्या कंपनी कायद्यातलं १३५वं कलम: मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे. पण संस्था नोंदणीकृत लागते, तीन वर्षांचं काम मागे लागतं. एकट्या बाईला चेक मिळत नाही, म्हणून एका ट्रस्टमार्फत दोनदा केलं.

पहिल्यांदा १२ मार्चला फोन. “३१च्या आत तीनशे प्रती होतील?” हाताने, एकोणीस दिवसांत. नाही म्हटलं, साठ दिल्या. दुसऱ्या कंपनीला पहिल्या पानावर त्यांचा लोगो उठावाचा हवा होता. दिला करून. पहिलीतल्या पोरी दहा मिनिटं तो लोगो चाचपत बसल्या, मग एकीने विचारलं, “बाई, गोष्टीत ही कोण?”

परतलेला

मी ह्या रस्त्यावरून उलट आलेला. २०१९ला नोकरी सोडली, वसईला शेड भाड्याने घेऊन लाकडी खेळणी करायला लागलो. २०२१ला परत कीबोर्डवर. सगळे समजतात पैसे संपले. पैसे होते. लॉकडाऊनही निभावला असता.

झालं असं की मला लाकूड आवडायचं, गिऱ्हाईक आवडायचं नाही. ‘ऑनलाइन हेच दोनशेला मिळतं’ हे ऐकलं की दोन दिवस रंधा हातात धरवत नसे. आणि दिवसभर बोलायला कोणी नाही. ऑफिसात ज्यांना शिव्या घालायचो त्यांची आठवण यायची, हे बायकोला सांगायची लाज वाटली. परत आलो तेव्हा जुन्या पगाराच्या तीस टक्के कमी मिळाले, आणि मुलाखतीत सत्तावीस वर्षांच्या पोराने विचारलं, “मधली दोन वर्षं तुम्ही नक्की काय करत होता?” रंधा मारत होतो म्हटलं. त्याला तो शब्दच माहीत नव्हता.

पश्चात्ताप नाही. पण ताईंना चौदा महिन्यांचे शनिवार आधी मिळाले, मी एका शुक्रवारी सोडून सोमवारी सुरू केलं. फरक तिथे पडला असावा.

लालबागवाला

वाचतोय. थोडं कडू बोलतो.

माझे वडील साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावरचे कामगार. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी सहावीत. त्यानंतर त्यांनी भाजी विकली, लग्नात वाढपी झाले, वीस वर्षं वॉचमनकी केली. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी ‘करिअर’ बदललं, कोणी धागा काढला नाही. तेव्हा ‘कामात अर्थ हवा’ वगैरे वाचलं की आत काहीतरी टोचतं.

पण एक आहे. वडील भजनात पखवाज वाजवायचे. गिरणी होती तेव्हा आणि नव्हती तेव्हाही, गुरुवार चुकला नाही. वॉचमनच्या खुर्चीत बसून मांडीवर बोटं चालायची. त्याला काम म्हणावं असं ना त्यांना सुचलं ना आम्हाला. ताईंचा हत्ती वाचून ती बोटं आठवली, म्हणून लिहिलं.

कांजूरची

दादा, ह्यावर काय लिहावं कळत नाही. दोनदा वाचलं.

कंसातला_कंस

तांत्रिक शंका. मजकूर ब्रेलमध्ये कसा करता? हाताने टोचता की स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहिलीत?

कांजूरची

आधी स्क्रिप्टच लिहिली, दुसरं काय येतं मला. आणि तोंडावर आपटले. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांचं ब्रेल) सहा ठिपके, प्रत्येक अक्षराला एक खूण, सोपं वाटलं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या मराठीत, जोडाक्षराचा हलन्त व्यंजनाच्या नंतर येतो. ब्रेलमध्ये तो आधी येतो. बोट खांबावर आपटायच्या आधीच सावध व्हावं तसं: पुढचं अक्षर अर्धं आहे बरं का. मी क्रम उलटा केलाच नाही. शिवाय ‘क्ष’ युनिकोडात तीन तुकड्यांचा, ब्रेलमध्ये एकच खूण, माझ्या स्क्रिप्टने तीन पाडल्या. चाळीस प्रतींचं पुस्तक, त्यातला पक्षी उडेचना. प्रत्येक ‘पक्षी’ पाटी आणि टोच्याने पुन्हा केला. त्या पाटीवर उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखं टोचावं लागतं, कारण ठिपके कागदाच्या पाठीवर उठतात. पहिले आठ दिवस डोकं गरगरलं.

कंसातला_कंस

मजकुराचं ब्रेल करून देणारं लिबलुई आहे की. फुकट, मुक्तस्रोत, मराठीचा तक्ताही आहे त्यात.

कांजूरची

आता माहीत आहे हो. ‘पक्षी’ सुधारून झाल्यावर कळलं.

हातवाचक

नमस्कार. जन्मापासून अंध, वय ५१, चर्चगेटला नोकरी. हा धागा एनव्हीडीएवर (स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ऐकला. हत्तीपाशी एकटाच हसलो, शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली.

आमच्यासाठी ‘सेवा’ करायला निघालेल्या माणसांची मला धास्ती वाटते, हे आधी सांगून टाकतो. लहानपणापासून फुकट मिळालेल्या वस्तूंनी कपाट भरलं. फुकटच्या वस्तूला नावं ठेवता येत नाहीत. काठी आखूड असली तरी ‘थँक्यू अंकल’. ताईंच्या पुस्तकाला त्या मुलीने नाव ठेवलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं, म्हणून एवढं टंकतोय. माझी सूचना अशी की पुस्तकं विका. दुसऱ्याचं छापील पुस्तक आमच्यासाठी ब्रेलमध्ये करायला २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर प्रकाशकाची परवानगी लागत नाही, पण तिथे नफा घेता येत नाही, खर्च तेवढा घ्यायचा. (त्याच विषयावरचा माराकेश करार २०१३चा, आणि तो मंजूर करणारा पहिला देश भारत, २०१४ साली. अंध लोक हे पाठ म्हणून दाखवतात, तुम्हीही ठेवा लक्षात.) तुमच्या गोष्टी मात्र तुमच्या आहेत. त्यावर चार पैसे कमवा. आई-बाप घेतील, आणि पान निघालं तर भांडायलाही येतील.

“आता मोबाइल बोलतो, ब्रेल कशाला?” असं मला महिन्यातून एकदा तरी कोणी विचारतं. ऐकून कादंबरी कळते. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कळत नाही. माझा पुतण्या, तोही अंध, सगळं ऐकून शिकला. हुशार आहे, पण त्याचं शुद्धलेखन वाचून दाखवलं की बाई रडतात.

लोकलच्या पानाबद्दल: छान असणार. पण प्लॅटफॉर्मवर आमच्या, म्हणजे अपंगांच्या, डब्याच्या जागी जो बीप-बीप वाजतो तो कुठे दाखवलात? माझी लोकल तिथून सुरू होते.

कांजूरची

काका, दाखवलाच नाही. डोक्यातच आलं नाही, कारण मी त्या डब्यात कधी चढले नाही. पाचवी आवृत्ती करावी लागणार.

विकायचं म्हणता ते पटतं, पण किंमत सांगताना जीभ अडखळते. एका पुस्तकाला सामान आणि मजुरी (माझीसुद्धा) धरून ४८० पडतात. आजवर ५०० सांगत होते, त्यातही कोणी ‘चांगलं काम करताय आणि पैसे घेता?’ म्हणालं की शंभर सोडून द्यायचे.

चिल्लरहिशोब

७५० करा आणि तोंड बंद ठेवायला शिका. कौतुकाने सांगतोय. आणि एक प्रत माझ्या नावाने लिहा, पूर्ण किमतीत.

रात्रपाळी

मी ३६, बॅकएंड डेव्हलपर, ठाणे. दोन वर्षं रोज रात्री वाटतं सोडावं. नक्की काय करायचं ते माहीत नाही. फक्त हे नको एवढं कळतं. ताई, कुठून सुरुवात करू? अंध मुलांच्या परीक्षेला लेखनिक म्हणून जाऊ का?

कांजूरची

लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला लागतो. तुला घेणार नाहीत, फार शिकलायस. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला मात्र आवाज लागतात, तेही अशी माणसं जी चौथ्या धड्यानंतर गायब होत नाहीत.

पण अंधांसाठीच कर असं नाही रे. तुला ‘हे नको’ एवढंच माहीत असेल तर आत्ता सोडू नकोस. माझ्याही आधी तीन गोष्टी करून झाल्या होत्या. वारली चित्रांच्या पिशव्या (नातेवाइकांनी घेतल्या), बागकामाचं चॅनल (अकरा सबस्क्रायबर, त्यात मी दोनदा), आणि शाळेच्या भिंती रंगवणं, ज्यात माझी पाठ गेली. तिन्ही रविवारी दुपारपर्यंत नकोशी झाली. हत्तीचे पाय मोजले गेले त्या दिवशी मात्र घरी येताना मी भांडुपला उतरले, चुकून. इतकी त्याच विचारात होते.

परतलेला

@रात्रपाळी, झोप आधी पूर्ण कर. गंमत नाही करत. मी सोडली तेव्हा मला नोकरी नको होती की नऊ महिन्यांची झोप हवी होती, हे आजही सांगता येत नाही.

रात्रपाळी

हे मात्र लागलं.

कांजूरची

अवांतर नाही, उलट आता कामाचं. नव्या पुस्तकात पाऊस आहे आणि मी अडकले आहे. तिरप्या दोऱ्यांच्या रेघा केल्या, मुली म्हणाल्या कंगवा. साबुदाणा चिकटवला तर पंधरा दिवसांत किडे झाले, चाळीस पानं फेकली. मोहरीला मुंग्या. प्लास्टिकचे मणी लावले तर “माळ तुटली?” मुंबईत राहून पाऊस दाखवता येईना, काय म्हणावं.

शून्यापासून

बबल रॅप?

कांजूरची

फोडून टाकतात. मीही फोडते.

दादरकर_वाचक

पत्र्याचा तुकडा लावून त्यावर टिचकी मारायची? चाळीतला पाऊस.

कांजूरची

कडा कापतात हाताला. पण आवाजाची दिशा बरोबर वाटते.

हातवाचक

तुम्ही सगळे पाऊस बाहेरून बघताय, लोकलच्या पहिल्या पानासारखा. माझ्या हाताला पाऊस लागतो तो छत्रीच्या आतून. वर ताणलेलं कापड, त्याला आतून तळवा लावला की थेंब टपटप तळव्यावर कळतात आणि हात कोरडा राहतो. लहानपणी मी शाळेत जाताना सबंध रस्ता तेच करायचो, आई ओरडायची काठी सोडू नको म्हणून. पानाला चौकट करा, तिच्यावर छत्रीचं कापड ताणून बसवा. एकीने वरून बोटांनी वाजवायचं, दुसरीने खालून हात लावायचा.

कांजूरची

काका.

आत्ता घरातली एक छत्री कापली. नवऱ्याची होती, चांगली होती. कोळंबीच्या डब्याच्या झाकणाचा मधला भाग कापून उरलेल्या कडेवर ताणून बसवली, मुलाला वरून वाजवायला लावलं आणि मी डोळे मिटून खालून तळवा धरला.

चाळीस प्रती म्हणजे एका छत्रीच्या आठ पाकळ्या धरून पाच छत्र्या, फाटक्या धरल्या तर आठ-दहा लागतील. काड्या मोडलेल्या चालतील, कापड नायलॉनचं हवं, भोकं नकोत. कोणी फेकू नका.

लालबागवाला

आमच्याकडे तीन आहेत. एक वडिलांची, काळी, लाकडी मुठीची. ती देत नाही. दोन घ्या.

रात्रपाळी

माझ्याकडे ऑफिसने दिलेल्या चार आहेत, लोगोवाल्या. शनिवारी कांजूरला आणून देतो. कितीला येऊ?

कांजूरची

अकराला ये. लोगोची पाकळी वेगळी काढू. आणि नखं कापून ये, ताणून बसवायला दोघं लागतात.